तीव्रतेतून प्रतिमा: हरवलेली फेज परत कशी मिळते आणि उत्तरावर विश्वास कधी ठेवावा

प्रश्न असा आहे: सोन्याच्या सुमारे 300 नॅनोमीटर आकाराच्या एका स्फटिककणाचा, ब्रॅग शिखराभोवती (स्फटिकातल्या अणूंच्या पातळ्यांवरून क्ष-किरण एकाच दिशेने जोरात परततात, तिथल्या तेजस्वी ठिपक्याभोवती) घेतलेला क्ष-किरण विवर्तनाचा डेटा हाती आहे. अशा डेटातून प्रतिमा काढणारी फिनअपची हायब्रिड इनपुट-आउटपुट पद्धत (पुढे नुसते एचआयओ म्हणतो) चालवली की दर वेळी थोडी वेगळी प्रतिमा येते. कधी कण उलटा दिसतो, कधी त्याच्या अंगावर पट्टे उमटतात, पण एरर (मोजलेल्या डेटाशी असलेली तफावत) सगळ्यांचा जवळपास सारखाच. यातली खरी प्रतिमा कोणती? आणि याहून चांगला अल्गोरिदम कोणता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. अल्गोरिदम बदलण्याआधी डेटा तपासा. पुनर्रचनेचे गणित नवी माहिती तयार करत नाही, मोजमापात दडलेली माहिती फक्त बाहेर काढते. मोजमापात ती पुरेशी असेल तर साधी जुनी पद्धतही काम करते. ती पुरेशी नसेल तर सर्वांत नवी पद्धतसुद्धा एक सुबक, पण चुकीची प्रतिमा हातात ठेवते. या क्षेत्रात नव्याने येणारे बहुतेक जण आपला वेळ नेमका उलट्या क्रमाने खर्च करतात, म्हणून हे सुरुवातीलाच ठासून सांगतो.

आता मुळापासून पाहू. दूरवर ठेवलेल्या डिटेक्टरवर पोहोचणारी लहर म्हणजे वस्तूचे फूरिए रूपांतर, वस्तूची बारीक-मोठ्या लाटांत केलेली फोड. प्रत्येक पिक्सेलवर ती एक संमिश्र संख्या असते, म्हणजे तिला आयाम (लहरीची उंची) असतो आणि फेज (लहर किती पुढे-मागे सरकली आहे ते) असते. डिटेक्टर फोटॉन मोजतो, म्हणजे आयामाचा वर्ग नोंदवतो. फेज तिथेच संपते. फेज हातात असती तर एक उलटे फूरिए रूपांतर घेतले की काम झाले असते, भिंग लागलेच नसते.

निम्मीच माहिती गेली, उरलेल्या निम्मीत भागवू, असे कुणाला वाटत असेल तर मद्रासमध्ये झालेले एक काम जरूर पाहावे. जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी 1961 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की एका रचनेचे आयाम आणि दुसऱ्या रचनेच्या फेज एकत्र करून नकाशा काढला, तर तो फेज ज्या रचनेच्या, तिच्यासारखा दिसतो. अणू कुठे आहेत हे प्रामुख्याने फेज सांगते. हा प्रयोग आज कुठल्याही दोन छायाचित्रांवर संगणकात काही ओळींत करता येतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा स्वतः करून पाहावा. फेजचे वजन किती, हे त्यानंतर कुणी समजावून सांगावे लागत नाही.

मग फेजशिवाय उत्तर मिळेल ही आशा आली कुठून? स्फटिकशास्त्रात ती जुनीच आहे. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकात पाऱ्याचे अणू बसवले आणि तीव्रतेत पडणाऱ्या फरकातून फेज काढण्याचा मार्ग खुला केला. हर्बर्ट हॉप्टमन आणि जेरोम कार्ल यांनी इलेक्ट्रॉन घनता ऋण नसते आणि ती अणूंच्या रूपात एकवटलेली असते एवढ्या ज्ञानावर फेजमधले संभाव्य संबंध मांडले. त्याबद्दल त्यांना 1985 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण स्फटिकाची अडचण अशी की त्याची तीव्रता फक्त ब्रॅग शिखरांवर मिळते, मधल्या जागा रिकाम्या असतात. 1952 मध्ये डेव्हिड सेअर यांनी एका अगदी छोट्या टिपणात शॅननच्या नमुना-प्रमेयाचा (किती दाट मोजले की काहीच निसटत नाही, हे सांगणारे प्रमेय) आधार घेऊन सुचवले की शिखरांच्या मधली तीव्रताही मोजता आली, तर फेजचा प्रश्न सुटू शकेल.

यामागचा हिशोब सोपा आहे. वस्तूची रुंदी ‘अ’ असेल, तर तिचे फूरिए रूपांतर 1/अ इतक्या अंतराने मोजले तरी पुरते. पण आपण मोजतो ती तीव्रता, आणि तीव्रता हे वस्तूच्या स्वसहसंबंधाचे (वस्तू स्वतःवरच सरकवत किती जुळते याच्या नकाशाचे) फूरिए रूपांतर असते. स्वसहसंबंधाची रुंदी असते 2अ. म्हणून तीव्रता पूर्णपणे पकडायची तर प्रत्येक दिशेने दुप्पट दाट मोजावे लागते. वस्तूच्या भाषेत याचा अर्थ असा की प्रतिमेच्या चौकटीत वस्तूभोवती रिकामी जागा उरते आणि ‘इथे काहीही नाही’ हे आपल्याला आधीच ठाऊक असते. हरवलेल्या फेजची भरपाई या रिकाम्या जागेतून होते. वस्तू जिथे असू शकते त्या भागाला आपण सपोर्ट म्हणतो.

समीकरणे पुरेशी असली म्हणून उत्तर एकच असेल, असे मात्र नाही. एका मितीत ते एकमेव नसते. एका मितीतल्या वस्तूचे फूरिए रूपांतर म्हणजे एका चलाची बहुपदी. तिची मुळे सुटी करता येतात आणि यातले कुठलेही मूळ त्याच्या संमिश्र-संयुग्मीच्या व्यस्ताने बदलले तरी तीव्रता तीच राहते. मुळे जितकी जास्त, तितकी वेगवेगळी उत्तरे, आणि त्यांची संख्या घातांकी वेगाने वाढते. दोन मितींत चित्र पालटते. दोन चलांच्या बहुपदीचे सहसा अवयव पडतच नाहीत, त्यामुळे बदलायला काही उरत नाही. ब्रुक आणि सोदिन यांनी 1979 मध्ये हा मुद्दा मांडला आणि त्यानंतर बेट्स, हेज यांनी तो पक्का केला. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो: एका मितीत हताश करणारा प्रश्न दोन मितींत जवळजवळ नेहमीच एकमेव उत्तराचा होतो, आणि त्याचे कारण निव्वळ बीजगणितात आहे.

तीन संदिग्धता मात्र कायम राहतात. वस्तू चौकटीत कुठेही सरकलेली असू शकते. सगळ्या फेजमध्ये एक समान स्थिरांक मिसळलेला असू शकतो. आणि वस्तूच्या जागी तिचे मध्यबिंदूतून उलटलेले, संमिश्र-संयुग्मी रूप येऊ शकते, ज्याला जुळी प्रतिमा म्हणतात. तुम्हाला कधीकधी कण उलटा दिसतो तो याच कारणाने. त्यात बिघाड काहीच नाही. दोन्ही उत्तरे डेटाच्या दृष्टीने तंतोतंत सारखी आहेत.

हे सगळे प्रयोगात उतरायला 1999 साल उजाडले. अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) मियाओ, सेअर आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्यावर सोन्याच्या सुमारे 100 नॅनोमीटर व्यासाच्या ठिपक्यांनी अक्षरे काढली, त्यांवर 1.7 नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण सोडले आणि विवर्तनातून ती अक्षरे सुमारे 75 नॅनोमीटर विभेदनाने, म्हणजे तेवढे बारीक तपशील वेगळे दिसतील अशी, परत मिळवली. सेअर यांच्या टिपणानंतर 47 वर्षांनी.

आता तुमच्या एचआयओकडे येऊ. मूळ कल्पना गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांची, 1972 ची, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी मांडलेली. एक अंदाज घ्या, त्याचे फूरिए रूपांतर करा, आयाम मोजलेले ठेवा आणि फेज अंदाजातली ठेवा, उलटे फिरा, वस्तूच्या बाजूची अट लावा, पुन्हा पुढे जा. जेम्स फिनअप यांनी हीच कल्पना एकाच तीव्रतेच्या नोंदीला आणि सपोर्टच्या अटीला जोडली. भूमितीच्या भाषेत हे दोन संचांवरचे आळीपाळीचे प्रक्षेप आहेत, म्हणजे दर वेळी त्या संचातल्या सर्वांत जवळच्या प्रतिमेवर जाणे. एक संच मोजलेल्या आयामांशी जुळणाऱ्या सर्व प्रतिमांचा, दुसरा सपोर्टमध्ये मावणाऱ्या सर्व प्रतिमांचा. आपल्याला हवा त्यांचा छेद. दोन्ही संच बहिर्वक्र असते (कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी रेषा संचाच्या आतच राहिली असती) तर असे पुढे-मागे करत आपण छेदापर्यंत नक्की पोहोचलो असतो. सपोर्टचा संच तसा आहे. आयामांचा संच तसा नाही, कारण तो प्रत्येक पिक्सेलवर संमिश्र प्रतलातले वर्तुळ आहे, आणि वर्तुळावरच्या दोन बिंदूंचा मध्य वर्तुळावर नसतो. सगळी अडचण एवढ्यातून येते. साधी, म्हणजे एरर-रिडक्शन पद्धत दर पायरीला एरर कमी करते किंवा तिथेच ठेवते, वाढू कधीच देत नाही, आणि म्हणूनच पहिल्या खड्ड्यात अडकून बसते.

फिनअप यांनी यावर काढलेला तोडगा असा. सपोर्टच्या आत नवी किंमत घ्यायची. सपोर्टच्या बाहेर थेट शून्य न करता, जुन्या किमतीतून बीटा गुणिले नवी किंमत वजा करायची. बीटा साधारण 0.7 ते 0.9. बाहेर काही उरले असेल तर ते एका झटक्यात न पुसता हळूहळू ढकलत राहायचे. त्यामुळे पद्धत खड्ड्यातून बाहेर पडू शकते, पण एररचा आलेख वर-खाली होत राहतो आणि तो तसा असायलाच हवा. पुढे 2002 मध्ये बाउश्के, कॉम्बेट्स आणि ल्यूक यांनी दाखवले की बीटा 1 असताना सपोर्टच्या अटीसाठी हे रूप बहिर्वक्र गणितातल्या डग्लस-रॅचफर्ड पद्धतीशीच जुळते. फाइट एल्सर यांचा डिफरन्स मॅप, ल्यूक यांची आरएएआर, ही सगळी याच कुटुंबातली. यांतले कोणते घ्यावे यावर लोक तावातावाने वाद घालतात. डेटा चांगला असेल तर मला त्यांच्यातला फरक फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

व्यवहारात चालणारा क्रम असा की एचआयओचे शंभरेक फेरे, मग एरर-रिडक्शनचे वीस-तीस, पुन्हा तेच, आणि शेवट नेहमी एरर-रिडक्शनवर. एचआयओच्या मधल्याच अवस्थेतली प्रतिमा कधीही निकाल म्हणून घेऊ नका.

सपोर्ट आधी माहीत नसेल तर मार्केझिनी आणि सहकाऱ्यांची 2003 ची श्रिंक-रॅप पद्धत वापरा. स्वसहसंबंधाच्या आकारापासून सुरुवात करायची. काही फेऱ्यांनी चालू प्रतिमा थोडी धूसर करायची, कमाल किमतीच्या सुमारे 20 टक्क्यांवर उंबरठा लावायचा आणि त्यातून जो आकार उरतो तो नवा सपोर्ट. धूसरपणा हळूहळू कमी करत न्यायचा. यात उंबरठा हा सर्वांत धोक्याचा आकडा आहे. तो जास्त ठेवला तर सपोर्ट कणाचा कोपरा खाऊन टाकतो. पुढचे सगळे फेरे मग त्या खाल्लेल्या कोपऱ्याशी इमानाने जुळवून घेतात आणि तुम्हाला दर वेळी तोच कापलेला कण मिळतो. सातत्य दिसते, सत्य मात्र हरवलेले असते. म्हणून उंबरठा 10 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान बदलून पाहा. कणाचा आकार त्याबरोबर बदलत असेल तर त्या आकाराबद्दल काहीही लिहू नका.

पट्ट्यांचे दुखणे वेगळे. ते बहुधा दोनपैकी एका कारणाने येतात. पहिले कारण म्हणजे पुनर्रचना मूळ प्रतिमा आणि जुळी प्रतिमा यांच्या मधोमध अडकते, दोन्हींचे अंश एकाच चौकटीत येतात. सपोर्ट मध्यबिंदूभोवती सममित असेल तर हे हमखास होते, कारण त्याला दोन्ही सारख्याच मान्य असतात. फिनअप आणि वॅकरमन यांचा 1986 चा उपाय आजही उत्तम आहे: सुरुवातीच्या काही फेऱ्यांत सपोर्टचा एक भाग मुद्दाम कापून सममिती मोडा, एकीकडे कल पडला की पूर्ण सपोर्ट परत द्या. दुसरे कारण फेजमधले भोवरे. आयाम शून्याजवळ जातो त्या बिंदूभोवती फेज चुकीच्या दिशेने गुंडाळली गेली, तर ती लहानसहान बदलांनी सुटत नाही. तिथे नव्या यादृच्छिक फेजपासून पुन्हा सुरुवात करणे हाच खरा इलाज.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ब्रॅग शिखराभोवतीच्या मापनात वस्तू संमिश्र असते, कारण स्फटिकाच्या जाळीतले विस्थापन (अणू आपल्या जागेवरून किती सरकले ते) फेज म्हणून प्रतिमेत उतरते. फायफर, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये शिशाच्या नॅनोस्फटिकातले विरूपण त्रिमितीत याच मार्गाने दाखवले. पण त्यामुळे ‘प्रतिमा वास्तव आणि धन आहे’ ही मदतीची अट तुम्हाला वापरता येत नाही. सगळा भार सपोर्टवर पडतो, आणि म्हणूनच डेटाचा दर्जा अधिक कसून पाहावा लागतो.

तो असा पाहा. ऊर्जा 9 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर तरंगलांबी सुमारे 0.138 नॅनोमीटर. डिटेक्टर 1 मीटरवर आणि कण 300 नॅनोमीटरचा असेल, तर विवर्तनातल्या दोन लागोपाठच्या झालरींमधले अंतर निघते 0.46 मिलिमीटर. पिक्सेल 55 मायक्रोमीटरचा असेल तर एका झालरीत आठाहून जास्त पिक्सेल बसतात. किमान दोन लागतात, तीन-चार असावेत, म्हणजे इथे तुम्ही सुरक्षित आहात. याच जागी कण दीड मायक्रोमीटरचा असता तर झालर दोन पिक्सेलांपेक्षाही अरुंद झाली असती, आणि कुठल्याही अल्गोरिदमने काही हाती लागले नसते.

पण तुमचा डेटा त्रिमितीय आहे आणि तिसरी दिशा स्फटिक फिरवून मिळते. तिकडे लक्ष कमी जाते. सोन्याच्या 111 नावाच्या ब्रॅग शिखरासाठी अणूंच्या पातळ्यांमधले अंतर 0.2355 नॅनोमीटर. त्याला 300 ने भागा: एक झालर 0.000785 रेडियन, म्हणजे 0.045 अंशांत संपते. फिरवण्याची पायरी याच्या निम्म्याहून कमी, शक्यतो 0.01 अंश हवी. डिटेक्टरच्या प्रतलात आठपट दाट आणि तिसऱ्या दिशेने जेमतेम, असा डेटा माझ्या पाहण्यात वारंवार येतो. तुमची पायरी किती होती, हे सर्वांत आधी बघा. पट्टे त्याच दिशेला असतील तर उत्तर तिथेच मिळेल.

नंतर मध्यभाग. किरण अडवणाऱ्या बीमस्टॉपमुळे मधले पिक्सेल गेले असतील (ब्रॅग भूमितीत हे सहसा होत नाही, सरळ पुढच्या दिशेने मोजताना होते), तर ती रिकामी जागा मध्यवर्ती ठिपक्याच्या आत मावली पाहिजे. ती त्याहून मोठी असेल तर वस्तूच्या आकाराएवढे काही मंद चढउतार डेटाने बांधलेलेच राहत नाहीत, अल्गोरिदम तिथे वाटेल ते भरतो आणि एरर तसूभरही वाढत नाही. मृत पिक्सेलांच्या जागी शून्य लिहू नका. ते मोकळे सोडा, म्हणजे तिथला आयाम चालू अंदाजातलाच राहू द्या. न मोजलेले आणि मोजून शून्य आलेले, या गणिताच्या दृष्टीने पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

गोंगाटाबद्दल थोडेसे. फोटॉनांची मोजणी पॉइसाँ वितरणाने चालते, म्हणून तीव्र पिक्सेलवरची चूकही मोठी असते. वर्गमूळ घेतले की ती सगळीकडे जवळपास सारखी होते, विचरण (विखुरण्याचे माप) सुमारे एक चतुर्थांश. एररचे माप तीव्रतेवर न घेता आयामावर घेतले जाते त्याला हा आधार आहे. आणि विभेदनाची हाव धरताना हे लक्षात असू द्या की लागणारी किरणमात्रा विभेदनाच्या चौथ्या घाताने वाढते. दुप्पट बारीक पाहायचे तर सोळापट मात्रा. सोने ती सोसते, जैविक नमुना सोसत नाही.

आता मुख्य प्रश्न, खरी प्रतिमा कोणती. एकटी कुठलीच नाही. पन्नास-शंभर वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवाती घ्या. सगळ्यांत वाईट एरर असलेल्या काढून टाका. उरलेल्या एकमेकांवर बसवा: सरक काढा, उलटी असेल ती उलटवा, फेजचा स्थिरांक जुळवा. मग सरासरी घ्या. सरासरीच्या फूरिए आयामाला मोजलेल्या आयामाने भागा. जिथे सगळ्या पुनर्रचनांची फेज जुळते तिथे हे गुणोत्तर एकाजवळ असते. जिथे फेज विखुरलेली, तिथे ते कोसळते. ते 0.5 च्या खाली जाते तिथपर्यंतचेच विभेदन सांगा. डिटेक्टरच्या कडेपर्यंत सिग्नल होता म्हणून तेवढे विभेदन मिळाले, असा दावा करू नका.

ही कसोटी पुनरावृत्ती तपासते, सत्य तपासत नाही. सत्यासाठी स्वतंत्र साक्ष हवी. डेटाचे दोन भाग करून दोन्हींची वेगळी पुनर्रचना करा, किंवा त्याच कणाचे दुसरे ब्रॅग शिखर मोजा आणि कणाचा आकार दोन्हींत एकच येतो का ते पाहा.

‘चांगला अल्गोरिदम’ या शोधात तुम्हाला बहिर्वक्र पद्धती दिसतील, म्हणून एक परिच्छेद. फेजलिफ्ट नावाच्या पद्धतीत अज्ञात प्रतिमेऐवजी तिच्यापासून बनणारी एक मोठी सारणी शोधतात. त्यामुळे प्रश्न रेषीय होतो आणि योग्य मापनांसाठी सिद्धता मिळते. गणित म्हणून ते फार देखणे आहे. पण दहा लाख पिक्सेलांच्या प्रतिमेसाठी सारणीत एक लाख कोटी नोंदी होतात. विर्टिंगर फ्लो ही दुसरी पद्धत ही अडचण टाळते, पण तिची हमी यादृच्छिक मापनांसाठी आहे, एकाच साध्या विवर्तन-नोंदीसाठी नाही. न्यूरल नेटवर्क चांगली सुरुवात देण्यासाठी जरूर वापरा. निकालासाठी वापरायचे असेल तर शेवटचे फेरे मोजलेल्या डेटावरच चालवा, नाहीतर नेटवर्कने आधी पाहिलेल्या कणांचे चेहरे तुमच्या कणावर उमटतात.

खरी सुधारणा हवी असेल तर मोजण्याची रीत बदला. टायकोग्राफीत नमुन्याचा एकेक तुकडा प्रकाशझोताखाली आणतात आणि शेजारचे तुकडे एकमेकांवर 60-70 टक्के चढवतात, कौलारू छपरावर कौलावर कौल चढलेले असते तसे. प्रत्येक बिंदू अनेक नोंदींत येतो, त्यामुळे बहुतेक संदिग्धता आपोआप गळतात आणि सपोर्टची गरज उरत नाही. होप्पे यांनी 1969 मध्ये बीज मांडले, रोडेनबर्ग आणि फॉकनर यांनी 2004 मध्ये तिला सोपा पुनरावृत्तीचा अल्गोरिदम दिला, आणि पुढे प्रकाशझोताचा आकारही त्याच डेटातून काढता येऊ लागला. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत 2017 मध्ये इंटेलच्या एका चिपची आतली जोडणी न फोडता 14.6 नॅनोमीटर विभेदनाने त्रिमितीत दाखवली गेली. कॉर्नेलमध्ये 2018 मध्ये इलेक्ट्रॉनांनी 0.39 अँगस्ट्रॉम गाठले. तिथे वापरलेले गणित फिनअप यांच्या कल्पनेपासून फार दूरचे नाही, बदलले ते मोजमाप. एक खबरदारी: थांबे समान अंतराच्या जाळीवर ठेवू नका, त्या जाळीचीच छाया प्रतिमेत येते. सर्पिलाकार मांडणी घ्या.

तुमच्या कणापुरती शेवटची गोष्ट, जुळ्या प्रतिमेची. डेटा दोन्हींत निवड करू शकत नाही, म्हणून निवड बाहेरून करावी लागेल. उलटलेल्या रूपात विस्थापनाचे चिन्ह बदलते आणि जागाही उलटते. विकृती (जाळी किती ताणली किंवा दाबली गेली ते) हे विस्थापनाचे अवकलज, त्यामुळे तिचे चिन्ह तेच राहते आणि फक्त जागा समोरासमोर बदलतात. म्हणजे कण कुठेतरी ताणला गेला आहे की दाबला गेला आहे, हे तुम्ही आजच ठामपणे लिहू शकता. तो ताण पायथ्याशी, आधाराला चिकटलेल्या बाजूला आहे की माथ्यावर, हे लिहिण्यासाठी त्याच कणाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले चित्र घ्या आणि चिकटलेला सपाट पृष्ठभाग कोणत्या बाजूला आहे ते ओळखून मगच दोन्हींपैकी एक रूप निवडा.